बोर्ना: मांजरीने दारात आणून टाकलेली चिचुंद्री, आणि माझे काही प्रश्न

इसारकाठची

बरेच दिवस इथे नुसती वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही म्युनिकपासून तासाभरावर ओबरबायर्नमधल्या (म्हणजे बव्हेरियाच्या दक्षिण भागातल्या) एका खेड्यात राहतो. गावातलं अगदी कडेचं घर, कुंपणापलीकडे मक्याचं शेत, त्यापुढे ओढा. घरात मनी नावाची मांजर, दिवसभर झोपा काढते आणि पहाटे शिकारीला जाते. गेल्या रविवारी सकाळी दार उघडलं तर पायपुसण्याच्या बरोब्बर मधोमध एक चिचुंद्री. मेलेली, पण अखंड, रक्ताचा थेंब नाही. बोटाएवढी असेल. पाठ करडी, पोट पांढरं, आणि दोन्हींच्या मधली रेघ इतकी स्पष्ट की कुणी पट्टी लावून रंगवलंय. नाक सोंडेसारखं पुढे आलेलं, मिशांवर दंव. मी उंदीर समजून टिश्यूत धरली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले तर शेजारच्या आजी कुंपणावरून जवळजवळ ओरडल्याच, हातमोजे घाल म्हणून! मला वाटलं जर्मन लोकांचं स्वच्छतेचं खूळ. तर त्या म्हणाल्या, बोर्ना माहीत नाही का तुला, इतकी वर्षं इथे राहून?

नव्हतं माहीत. मग दोन रात्री वाचत बसले. थोडक्यात असं आहे की बोर्ना नावाचा एक विषाणू या भागातल्या एका जातीच्या चिचुंद्रीत राहतो, तिला काही होत नाही, ती मजेत जगते आणि लघवी, लाळ, विष्ठा यातून विषाणू सोडत राहते. माणसात गेला तर मेंदूज्वर होतो आणि दहातले नऊपेक्षा जास्त जण दगावतात. केसेस मात्र अगदी मोजक्या, अख्ख्या जर्मनीत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, त्यातल्या बहुतेक आमच्या बव्हेरियातल्याच. २०२० च्या मार्चपासून हा आजार सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

आता माझा प्रश्न. सगळीकडे सूचना एकच, चिचुंद्रीला हात लावू नका. पण ज्यांना झाला त्यांच्यातल्या बहुतेकांनी चिचुंद्रीला हात लावल्याचं कुणालाच आठवत नाही. मग नक्की धोका कशात आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि हो, नवरा तेव्हापासून मनीकडे संशयाने बघतोय.

गोगलगाय

बापरे. वाचतेय.

कोकणी_कोल्हा

चिचुंद्री म्हणजे आमच्याकडे रात्री भिंतीच्या कडेकडेने चिक चिक करत जाते तीच ना? उग्र वास येतो ती? आमची आजी तिला मारू द्यायची नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही मृत्यूशेजारी झोपत होतो की काय? :)

पशुवैद्य_लाइपझिश

कोल्होबा, शांत व्हा. कूळ तेच पण जात वेगळी. आपल्या घरातली चिचुंद्री मोठी, सगळीकडून करडी, वासाची. बोर्नावाली इथली शेतातली चिचुंद्री, जर्मनमध्ये फेल्डश्पिट्समाउस. माणसातल्या खात्रीच्या केसेस जवळजवळ सगळ्या जर्मनीतल्याच आहेत. जनावरांत ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइनमध्येही सापडतो. चिचुंद्री युरोपात त्याहून खूप लांबवर पसरलेली आहे पण विषाणू तिच्या सगळ्या मुलखात नाही, मधल्या एका पट्ट्यातच आहे, म्हणून चिचुंद्री दिसली म्हणजे बोर्ना आला असं नाही.

आणि ताई, मराठी शब्द वापरलात ते बरं केलंत. जर्मन नावाचा अर्थ टोकदार नाकाचा उंदीर असा होतो आणि तिथेच लोकांची गल्लत होते. चिचुंद्री उंदीर नाहीच, किडे खाणारा प्राणी आहे, उंदरांपेक्षा जाहकाच्या जवळचा. मांजर तिला मारते पण वासामुळे खात नाही, म्हणून तर तुम्हाला अखंड मिळाली. उंदीर असता तर शेपटी नाहीतर आतडं एवढंच उरलं असतं.

बोर्ना हे गावाचं नाव, मी राहतो तिथून ट्रेनने जवळच, सॅक्सनीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या घोडदळाचे घोडे असे मेले की बघणाऱ्यांना काही कळेना, भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे, गोल गोल फिरायचे, तोंडात गवत धरून चघळायचं विसरायचे. तेव्हापासून घोड्यांचा आणि मेंढ्यांचा आजार म्हणून आम्हा पशुवैद्यांना तो तोंडपाठ. माणसाला होतो हे पक्कं व्हायला २०१८ उजाडलं.

न्यूरोकाका

२०१८ चं ते प्रकरण सांगायलाच हवं. दक्षिण जर्मनीतल्या एका मृत दात्याचे अवयव तिघांना बसवले, दोघांना मूत्रपिंड, एकाला यकृत. काही महिन्यांनी तिघांनाही मेंदूज्वर झाला. दोन गेले, यकृत मिळालेला वाचला पण नजर अधू झाली. दात्याला काही लक्षणं नव्हती, तो वेगळ्याच कारणाने गेला होता. तिघांत एकच विषाणू निघाल्यावर सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाकडून माणसाकडे जायचा आजवर माहीत असलेला रस्ता हा एवढाच, अवयवातून. शिंकून खोकून नाही, त्यामुळे साथ वगैरे येत नाही.

मग रेगेन्सबुर्गच्या संशोधकांनी १९९९ ते २०१९ मधले जपून ठेवलेले मेंदूचे जुने नमुने काढले, म्हणजे मेंदूज्वराने गेलेले पण विषाणूजन्य वाटूनही कारण न सापडलेले असे पेशंट, आणि त्यात आठ नवे बोर्ना सापडले. आधीचे सहा धरून चौदा झाले. म्हणजे आजार नवा नाही, आपण नवीन आहोत. घोडे मरत होते तेव्हा माणसंही मरत असणार, फक्त मृत्यूच्या दाखल्यावर 'मेंदूज्वर, कारण अज्ञात' असं लिहून फाइल बंद होत होती. मी स्वतः असे दाखले लिहिले आहेत, बोर्नाचे नव्हेत, पण अज्ञात कारणाचे. त्यामुळे हे वाचताना जरा टोचतं.

साशंक

काका, आकडे कितीसे आहेत पण? सगळ्या मिळून पन्नासच्या आगेमागे केसेस. पन्नास जणांवरून धोका कशात हे कसं काढणार? ताईंचा मूळ प्रश्न तोच आहे आणि उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पशुवैद्य_लाइपझिश

देतो. रोबर्ट कॉख इन्स्टिट्यूट, म्हणजे जर्मनीची सरकारी आरोग्य संस्था, आणि बाकीच्या संस्थांनी मिळून त्याचा अभ्यास केलाय. ज्यांना झाला त्यांची, आणि तुलनेला त्याच भागातल्या न झालेल्या लोकांची, लांबलचक प्रश्नावली घेतली. बागकाम करता का, लाकूड फोडता का, गुरं आहेत का, मांजर आहे का, गोठ्यात झाडता का, चिचुंद्र्या दिसतात का, सगळं. एवढं विचारून आकडेशास्त्राच्या चाळणीत ठामपणे उरलं ते एकच. घर कुठे आहे. वस्तीच्या कडेला, शेताला नाहीतर रानाला लागून घर असणं. बस.

इसारकाठची

म्हणजे माझा पत्ता. छान.

साशंक

हे मला पटत नाहीये असं नाही पण यात एक गोम आहे. मांजर, लाकूड, गोठा हे सगळं कडेच्या घरातच असतं ना? मग घराची जागा हा धोका आहे की जागेबरोबर येणारं काहीतरी? आणि दुसरं म्हणजे प्रश्नावली भरली कुणी? पेशंट कोमात किंवा गेलेला. बायकोने, मुलाने सांगितलं. माझ्या बायकोला विचारा मी गेल्या सहा महिन्यांत कशाला हात लावला, ती सांगेल रिमोटला.

न्यूरोकाका

हसून हसून पुरेवाट. पण मुद्दा बिनतोड आहे. त्यात हा आजार हळू चढतो, लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे, कदाचित महिने जात असावेत. तेवढ्या मागचं कुणाला आठवतंय. फूड पॉयझनिंगमध्ये काल काय खाल्लं विचारता येतं, इथे गेल्या उन्हाळ्यात शेड कुणी झाडली ते विचारावं लागतं. त्यामुळे 'हात लावल्याचं आठवत नाही' याचा अर्थ 'संपर्क आला नाही' असा घेऊ नका.

पशुवैद्य_लाइपझिश

बरोबर. आणि साशंकराव, जागा हेच कारण असं कुणीच म्हणत नाहीये, जागा म्हणजे खूण आहे. पण ती खूण पोकळ नाही याला दुसरा पुरावा आहे आणि तो मला जास्त आवडतो. हा विषाणू फारसा फिरत नाही. चिचुंद्री आपल्या थोड्याशा जागेतच आयुष्य काढते, त्यामुळे प्रत्येक टापूतल्या विषाणूची जनुकीय धाटणी जराशी वेगळी असते, आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना तसं. पेशंटमधला विषाणू वाचून बघितला की तो त्याच्या घराच्या आसपासच्या जनावरांतल्या आणि चिचुंद्र्यांतल्या विषाणूशी जुळतो. म्हणजे लागण सुट्टीत कुठेतरी, प्रवासात, लांबच्या जंगलात झालेली नाही, घराच्या आवारातच झालीये. नक्की कशी ते कुणी पाहिलेलं नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली, मातीचा हात तोंडाला लागला, लघवी लागलेलं काही खाण्यात आलं, शक्यता या सगळ्या. पण कुठे, ते बऱ्यापैकी माहीत आहे.

चिंतातुर_बाबा

आम्ही पुढच्या महिन्यात आउग्सबुर्गला शिफ्ट होतोय, नेमकं शहराबाहेर बाग असलेलं घर बघितलंय, मुलगी चार वर्षांची, मातीत खेळते. हा धागा वाचून घरमालकाला नाही कळवावं का असं वाटायला लागलंय. सिरियसली विचारतोय.

न्यूरोकाका

नाही. बव्हेरियात सव्वा कोटीच्या वर लोक राहतात, त्यातले लाखो असेच कडेकडेने, आणि वर्षाला केसेस किती ते वर आलंच आहे. आकड्यांनीच घाबरायचं तर ऑफिसला गाडीने जाणं आधी बंद करा. वाळूच्या खड्ड्यावर झाकण ठेवा, खेळून आली की साबणाने हात, एवढं पुरे. या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं, साबणापुढे टिकत नाही.

चिंतातुर_बाबा

काका, पटतंय पण मायटेनबेथबद्दल वाचलं आत्ता. दोन मुलं गेली ना एकाच गावात?

पशुवैद्य_लाइपझिश

हो, २०१९ ला एक आणि २०२२ ला दुसरं. दोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, म्युलडॉर्फ जिल्ह्यात. लोक हादरले होते आणि ते साहजिक आहे. त्यानंतर संशोधक तिथे गेले, चिचुंद्र्या तपासल्या, गावकऱ्यांचं रक्त तपासलं. शंका अशी होती की गावात अनेकांना सौम्य लागण होऊन गेली असेल, कळली नसेल. तसं काही निघालं नाही. याच्या दोन बाजू आहेत बघा. वाईट बाजू म्हणजे हा सर्दीसारखा येऊन जाणारा आजार नाही, झाला की असा होतो. चांगली बाजू म्हणजे तिथे राहणाऱ्या, बागकाम करणाऱ्या, मांजरं पाळणाऱ्या लोकांनाही तो होत नाही. संपर्क येतही असेल पण लागण व्हायला अजून काहीतरी जुळून यावं लागतं. ते काहीतरी काय, यावर माझ्यासारखे लोक पगार घेतात.

मनकवडा

मी कुठेतरी वाचलेलं की बोर्नाने डिप्रेशन आणि स्किझोफ्रेनिया होतो? ते हेच का?

पशुवैद्य_लाइपझिश

हा प्रश्न येणारच होता. हो, नव्वदच्या दशकात ते फार गाजलं, मनोरुग्णांच्या रक्तात बोर्ना सापडला म्हणून. पुढे बऱ्याच ठिकाणी असं दिसलं की सापडलेला विषाणू प्रयोगशाळेतल्याच नमुन्यांतून मिसळलेला होता. २०१२ मध्ये नमुना कुणाचा हे न सांगता तपासणी करून बघितली, रुग्ण आणि निरोगी लोक दोन्ही, काही संबंध निघाला नाही. विषय संपला. पण त्याचं नुकसान असं झालं की 'माणसातला बोर्ना' म्हटलं की शास्त्रज्ञ नाक मुरडायला लागले, आणि खरा आजार समोर आला तेव्हा आधी कुणी तिकडे बघितलंच नाही. हे माझं मत, कुणाला पटेल न पटेल.

आणि खारींचं राहिलं. २०११ ते २०१३ मध्ये सॅक्सनी-आनहाल्टमध्ये तिघे जण मेंदूज्वराने गेले, तिघेही एकमेकांना ओळखणारे, तिघेही मध्य अमेरिकेतल्या रंगीत खारी पाळून त्यांची पैदास करणारे. त्या खारींत बोर्नाचाच चुलतभाऊ निघाला, हे जाहीर झालं २०१५ ला. उत्तर जर्मनीत परदेशी खारी सांभाळणारी एक प्राणीसंग्रहालयातली व्यक्तीही त्यानेच गेली असं नंतर कळलं. तिथे धोका कशात हे शोधायला प्रश्नावली लागली नाही. बागेत येणाऱ्या नेहमीच्या तांबड्या खारीचा याच्याशी संबंध नाही, कृपया दगड मारू नका.

गोगलगाय

खारीला दगड कोण मारतं :(

इसारकाठची

काका, लक्षणं कशी असतात हो? विचारायला भीती वाटतेय पण विचारते. त्या रविवारनंतर डोकं दुखलं की मी कॅलेंडर बघते.

न्यूरोकाका

डोकं दुखतं ते रात्रभर वाचत बसलात म्हणून. सुरुवात ताप, डोकेदुखी, गळून गेल्यासारखं, म्हणजे अगदी कशाचीही. मग काही दिवसांत बोलण्यात गडबड, वागण्यात बदल, चालताना तोल जाणं, गोंधळणं, आणि पुढे कोमा. घाई इतकी असते की पहिल्या लक्षणापासून साधारण महिन्याभरात खेळ संपतो. पाठीतल्या पाण्याची तपासणी सुरुवातीला कधी कधी काहीच सांगत नाही, रक्तातल्या अँटीबॉडीज उशिरा येतात, त्यामुळे डॉक्टरला मुळात आठवलं पाहिजे. वस्तीच्या कडेला राहणारा माणूस, कारण न कळणारा मेंदूज्वर, एवढं दिसलं तर बोर्नाची तपासणी मागा, हे आता तिथे शिकवलं जातं.

अजून एक विचित्र गोष्ट. मेंदूचं नुकसान विषाणू स्वतः फारसं करत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशी त्याला मारायच्या नादात करतात. म्हणून उपचारात विषाणूविरोधी औषध, फॅव्हिपिराविर वगैरे, आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असा दुहेरी प्रयत्न करतात. खात्रीचा उपाय अजून नाही. लसही नाही.

साशंक

चिचुंद्रीच्या टी पेशी मग काय करतात? तिला काहीच होत नाही म्हणता.

न्यूरोकाका

त्या दुर्लक्ष करतात. शहाण्या आहेत.

इसारकाठची

आता शेजारच्या आजींशी परत बोलले. त्यांना हे सगळं माहीत असण्याचं कारण त्यांच्या माहेरी घोडे होते. एक घोडा लहानपणी असाच गेला, दोन दिवस भिंतीला कपाळ लावून उभा होता म्हणाल्या, आणि त्यांचे वडील रात्रभर कंदील घेऊन त्याच्याजवळ बसले. तेव्हा गावात त्याला 'डोक्याचा आजार' म्हणायचे. माणसांना होतो हे त्यांनाही पेपरात वाचूनच कळलं.

मी त्यांना विचारलं मग चिचुंद्र्यांचा बंदोबस्त का नाही करत, विष वगैरे. तर म्हणाल्या, संरक्षित प्राणी आहे, मारायचा नाही, दंड होईल. आणि हसल्या.

पशुवैद्य_लाइपझिश

आजी बरोबर आहेत. मारू नये आणि मारून उपयोगही नाही, शेतातून दुसरी येते. तिला घराजवळ यावंसं वाटणार नाही असं करायचं. मांजरीचं खाणं रात्री बाहेर ठेवू नका, त्यावर ती येतेच. भिंतीला चिकटून लाकडाचा ढीग, पाल्याचा ढीग, उघडं कंपोस्ट नको. भिंतीतली भोकं बुजवा. मेलेली सापडली तर हातमोजे, आणि आधी तिच्यावर साधं घरातलं क्लीनर फवारून भिजवा म्हणजे धूळ उडणार नाही, मग प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून तिनेच उचला, गाठ मारा, कचऱ्यात. जिवंत सापडली तर खोकं पालथं घालून बाहेर. शेड साफ करताना कोरडं झाडू नका, सगळ्यात मोठी चूक ती. करोनातले एफएफपी मास्क उरले असतील ते इथे वापरा.

मांजरीला दोष देऊ नका. मांजरं स्वतः बोर्नाने क्वचितच आजारी पडतात आणि त्यांच्याकडून माणसाला होतो असं दिसलेलं नाही. त्या फक्त डिलिव्हरी करतात.

कोकणी_कोल्हा

कुरिअर मनी :D

इसारकाठची

काल दुपारी लाकडाची शेड साफ केली. नवऱ्याने बागेला पाणी घालायच्या पंपात डिटर्जंट कालवून सगळं भिजवलं, मास्क, हातमोजे, जुने कपडे, बाहेरून कुणी बघितलं असतं तर पोलिसांना फोन केला असता. ढिगाच्या तळाला, मागच्या कोपऱ्यात, पालापाचोळ्याचं मुठीएवढं गोल घरटं निघालं, रिकामं, पण आत मऊ केस होते. गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी मी शेकोटीला तिथूनच लाकडं उचलत होते, उघड्या हातांनी, आणि ती आणता आणता फोनवर आईशी बोलत गाल खाजवत असेन. मला कुणी विचारलं असतं तुझा चिचुंद्रीशी संपर्क आला का, तर शपथेवर नाही म्हटलं असतं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं बहुतेक.

साशंक

ताई, हे वाचून मी माझा प्रश्नावलीवरचा विनोद मागे घेतो.

चिंतातुर_बाबा

घर घेतलं. शेड नाहीये, विचारून घेतलं.

पशुवैद्य_लाइपझिश

इसारकाठची, एक राहिलं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये पाठ आणि पोटाच्या मधली स्पष्ट रेघ म्हणालात ते मी दोनदा वाचलं. घराजवळ दिसणारी तिची बहीण आहे, हाउसश्पिट्समाउस, तिच्यात ती रेघ पुसट असते, करड्यातून फिकट होत जातं. स्पष्ट रेघ ही शेतातल्या चिचुंद्रीची खूण. म्हणजे तुमच्याकडे ती जात आहे, एवढंच, तिच्यात विषाणू होता असं नव्हे. ती अजून डब्यात आहे का?

इसारकाठची

नाही, गुरुवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली. हे आधी विचारायचं ना!

पशुवैद्य_लाइपझिश

बरं. पुढच्या वेळी फवारून झाल्यावर, उचलायच्या आधी लांबूनच फोटो काढा. पोट आणि शेपटी यायला हवी, शेपटीवर विरळ लांब केस असतात ते दिसले तर उत्तम. दातही बघतात, काही जातींत टोकं लाल असतात, हिचे पांढरे.

इसारकाठची

दात बघायला तोंड मी उघडू?!

पशुवैद्य_लाइपझिश

नको हो. शेपटी पुरे.